कामाडो किती इंची?

कामाडो ही जाड सिरॅमिकची, अंड्याच्या आकाराची, लाकडी कोळशावर चालणारी भट्टी आहे. तळाशी निखारे, मध्यावर गोल जाळी, जाळीवर जेवण आणि त्यावर बिजागरीने उघडणारे घुमटाकार झाकण, अशी तिची रचना असते. खालून हवा घेणारी एक झडप आणि वरून धूर सोडणारी दुसरी, एवढेच काय ते नियंत्रण. बटण नाही, वायर नाही, गॅसची नळी नाही. इतक्या साध्या वस्तूबद्दल विचार करण्यासारखे फारसे उरू नये. पण अमेरिकेच्या उपनगरांत ती घेऊ पाहणारा गृहस्थ तिची माहितीपत्रके ज्या बारकाईने वाचतो, त्या बारकाईने त्याने घरकर्जाचे कागदही वाचलेले नसतात. घ्यायची हे त्याचे एका संध्याकाळीत ठरते. कोणत्या रंगाची, हेही ठरते. केवढी, हे मात्र काही केल्या ठरत नाही.

या भट्टीचे मूळ जपानी आहे. मुशिकामाडो ही भात शिजवण्याची, गोल, झाकणाची मातीची चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात राहिलेल्या अमेरिकी सैनिकांनी ती पाहिली, भाताकडे दुर्लक्ष केले आणि तिच्यात मांस भाजून पाहिले. मायदेशी परतताना त्यांतल्या काहींनी ती सामानात घातली. १९७४ साली एड फिशर यांनी अटलांटा शहरात अशा आयात चुली विकायला काढल्या. त्याच दुकानात पाचिंको या जपानी खेळाची यंत्रेही मिळत. मातीच्या चुली वापरता वापरता तडकत, म्हणून पुढे त्यांची जागा टिकाऊ सिरॅमिकने घेतली. या सिरॅमिकच्या कुळकथेत कंपनी ‘नासा’चे नाव घेते. कोंबडी भाजण्याच्या साधनाला अवकाशयानाचे नातेवाईक निघाले, की किंमत ऐकणारा माणूस घासाघीस करायला धजत नाही. अंड्याला हिरवा रंग आला आणि ‘बिग ग्रीन एग’ हे नाव रुळले. नंतर अटलांटाच्याच जॉर्जिया राज्यात लाल रंगाची ‘कामाडो जो’ निघाली, आणि ‘प्रिमो’ने अंडे आडवे ताणून लंबगोल केले. भाताची चूल अशा रीतीने अमेरिकेत स्थिरावली आणि तिच्यात भात सोडून बाकी सगळे शिजू लागले.

मापाच्या नावावरून माप कळेल अशी आशा बाळगणारा ग्राहक पहिल्याच पानावर अडतो. हिरव्या अंड्याच्या यादीत सात नावे येतात: मिनी, मिनिमॅक्स, स्मॉल, मीडियम, लार्ज, एक्स्ट्रा लार्ज आणि टूएक्सएल. ‘मीडियम’ यादीच्या बरोबर मधोमध आहे, पण ज्याला मध्यम माप हवे तो ‘लार्ज’ घेतो. मिनिमॅक्स आणि स्मॉल या दोहोंची जाळी १३ इंचांचीच. एक बसकी आहे आणि दुसरी उंच, एवढाच फरक. लाल पक्षात ‘ज्युनियर’, ‘क्लासिक’ आणि ‘बिग जो’ अशी नावे आहेत, म्हणजे मधल्याला मधला म्हणायची तिथेही तयारी नाही. त्यामुळे जाणकार नावे सोडून देतात आणि जाळीचा व्यास इंचांत सांगतात. १० इंची भट्टी सहलीला नेण्याची आणि २९ इंची हॉटेलवाल्याची. १५ इंची मापाचा कैवार घेणारे थोडे आहेत, पण निष्ठावान आहेत. घरगुती वापराचा खरा वाद १३, १८ आणि २४ या तीन आकड्यांत चालतो.

वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र शिकवले जात असताना याचा पुढे आयुष्यात काय उपयोग, असे वर्गातील निम्मी मुले विचारतात. उपयोग इथे आहे. १३ इंची जाळीवर सुमारे १३३ चौरस इंच जागा मिळते, १८ इंचीवर २५४ आणि २४ इंचीवर ४५२. तेरावरून अठरावर गेले की जागा जवळजवळ दुप्पट होते. अठरावरून चोवीसवर जाताना व्यास एकतृतीयांशानेच वाढतो, जागा मात्र पाऊणपटीने वाढते. दुकानात हे जाणवत नाही. तिथे दोन्ही भट्ट्या शेजारी मांडलेल्या असतात आणि सहा इंच म्हणजे पुरती वीतसुद्धा नाही, असे वाटते. फरक कळतो तो उचलताना. हिरव्या अंड्यांपैकी लार्ज सुमारे ७३ किलोची, एक्स्ट्रा लार्ज सुमारे १०० किलोची, आणि टूएक्सएल दीडशे किलोंच्या पुष्कळ पुढे. मिनीदेखील १७-१८ किलो भरते. तिला ‘सुटसुटीत’ म्हणतात ते तिच्या थोरल्या बहिणींच्या मानाने.

माहितीपत्रकांत मापे माणसांत दिलेली नसतात. ती टर्की आणि बर्गर या एककांत दिलेली असतात. १८ इंची भट्टीत २० पौंडांची एक टर्की किंवा १२ बर्गर, २४ इंचीत तशाच दोन टर्की किंवा २४ बर्गर, असा हिशेब असतो. हिशेब खोटा नसतो. पण २० पौंडांची टर्की नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगला एकदा होते, आणि एका वेळी दोन टर्की भाजण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असे कुटुंब शोधूनच काढावे लागेल. तरीही ग्राहक त्या दुसऱ्या टर्कीपाशी थबकतो. आपल्याकडे कधीतरी दोन टर्की लागतील, ही शक्यता त्याला एकदम जवळची वाटू लागते. त्याने आयुष्यात एकही टर्की भाजलेली नसली तरी या वाटण्यात बाधा येत नाही.

माप चुकते ते बहुधा इथेच. ग्राहकाच्या डोळ्यांपुढे असतो ४ जुलै: अंगणात चाळीस माणसे, हातात चिमटा घेतलेला यजमान, आजूबाजूला वाहवा. हा दिवस वर्षातून एकदा येतो आणि त्या दिवशी पाऊसही असू शकतो. त्याच्या खालोखाल मेमोरियल डे, लेबर डे आणि मुलांचे वाढदिवस. उरलेल्या शनिवार-रविवारी आणि चुकून एखाद्या बुधवारी जाळीवर येतात ते कोंबडीचे चार तुकडे, दोन कणसे आणि एका कडेला एक भोपळी मिरची. २४ इंची जाळीवर हा ऐवज फार एकाकी दिसतो. खरेदी वार्षिक महोत्सवाच्या मापाने होते आणि वापर बुधवारच्या मापाने, आणि या दोन मापांमध्ये साधारण दोनशे चौरस इंच मोकळे लोखंड तापत राहते.

शिवाय चाळीस माणसे एका वेळी जेवत नाहीत. पहिली आलेली कुटुंबे पहिल्या खेपेचे सीख कबाब संपवतात तेव्हा उशिरा येणारी अजून हायवेवर असतात. मराठी मंडळींत तर वेळेवर येणारी दोनच घरे असतात आणि ती शेजारची असतात. बर्गर किंवा कबाब आठ-दहा मिनिटांत उतरतात. १८ इंची भट्टी चार खेपांत चाळीस माणसांना पुरून उरते. माणसे मोजून माप काढणे म्हणूनच फसवे आहे. मोजायचे ते दुसरेच काहीतरी: जाळीवर कधीतरी आडवी ठेवावी लागेल अशी सर्वांत लांब वस्तू कोणती, आणि ती तिथे किती तास राहणार आहे.

टेक्ससात ही वस्तू म्हणजे ब्रिस्केट, बैलाच्या छातीचा अख्खा तुकडा. साडेपाच ते सात किलो वजनाच्या कच्च्या ब्रिस्केटची लांबी १८ ते २० इंच भरते. १८ इंची जाळीवर ती कडा ओलांडते, आणि कडेला तर खालून सर्वांत तीव्र धग येते. यावर उपाय ठरलेला आहे. जाळीवर फॉइलमध्ये गुंडाळलेला एक उंचवटा ठेवायचा आणि त्यावर ब्रिस्केट कमानीसारखी पसरायची. काही तासांनी ती आकसते, मग उंचवटा काढून घेतला तरी आत मावते. १८ इंचीचे समर्थक ही युक्ती अभिमानाने सांगतात. २४ इंचीचे समर्थक ती शांतपणे ऐकून घेतात, कारण त्यांना तिची गरज पडत नाही आणि हे सांगण्याची संधी ते बोलणे संपेपर्यंत राखून ठेवतात. रिब्जचे पट्टे १८ इंचीवर आडवे दोनच मावतात. उभे धरणारा सांगाडा घेतला तर पाच-सहा. डुकराच्या खांद्याचा तुकडा, ज्याला तिथे बॉस्टन बट म्हणतात, लांब नसून गोळा असतो. तो तेरा इंचीतही बसतो, आणि बाहेरगावी शिकणारी मुले घरी येणार असली तर तीनदा करावा लागतो. पिझ्झा हा स्वतंत्र विषय आहे. पिझ्झाचा दगड जाळीपेक्षा तीनेक इंचांनी लहान घ्यावा लागतो, नाहीतर गरम हवेला वर यायला वाट उरत नाही. म्हणजे १८ इंचीत १५ इंचांचा पिझ्झा, आणि १३ इंचीत जो होतो त्याला घरातील मुले पिझ्झा मानत नाहीत.

मराठी घरांत ब्रिस्केटची जागा पापलेट घेते. मध्यम आकाराची चार पापलेटे १८ इंची जाळीवर ऐसपैस पहुडतात, पाचवे इतरांच्या शेपटीवर जाते. सुरमईचे काप हवे तेवढे ठेवता येतात. अख्खी सुरमई भाजण्याचा मोह होतो तो २४ इंची भट्टी घेतल्यावरच. त्याआधी तो झाल्याचे कोणाला आठवत नाही.

लांबी मोजून झाली तरी जाळीवरची सगळी जागा कामाची नसते, ही गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरांतही आढळत नाही. मंद आचेवर तासन् तास भाजायचे असेल तर निखारे आणि जाळी यांच्यामध्ये सिरॅमिकची तबकडी ठेवतात, म्हणजे अन्नाला थेट धग न लागता गरम हवा लागते. तबकडी भिंतीला टेकत नाही, कारण हवेला फट हवी. आणि त्या फटीतून धग सरळ वर येते. कडेची दीड इंचाची पट्टी अशा वेळी सोडून दिलेली बरी. मग १८ इंची भट्टी १५ इंचांची होते आणि जवळजवळ ३१ टक्के जागा गमावते. २४ इंचीचे नुकसान २३ टक्के. १३ इंचीचे मात्र ४१ टक्के: आधीच थोडकी जागा, त्यातूनही पाचातली दोन बोटे गेली. छोट्या भट्टीत मंद आचेचे काम होत नाही असे नाही, पण त्यात एका कोंबडीसाठी बरीच तडजोड करावी लागते.

निखाऱ्यांबद्दल एक समज फार पसरलेला आहे. मोठ्या भट्टीत मोठा जाळ लागतो आणि म्हणून ती कोळसा खाते, असे मोठी न घेण्याचे कारण म्हणून सांगतात. कामाडोत जाळ कोळशाच्या प्रमाणावर ठरत नाही. हवेच्या प्रमाणावर ठरतो. कोळसा काठोकाठ भरून खालची झडप बोटाच्या पेराइतकी आणि वरची त्याहून कमी उघडी ठेवली, तर मधोमध छोटासा विस्तव राहतो आणि ११० अंश सेल्सिअसवर भट्टी रात्रभर टिकते. खांद्याच्या तुकड्याला लागणारे दहा-बारा तास एका भरणीत निघतात. जेवण झाल्यावर दोन्ही झडपा बंद केल्या की हवेअभावी निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. ही काटकसर मराठी मनाला इतकी भावते की काही घरांत भट्टीच्या किमतीचे समर्थन या उरलेल्या कोळशावर केले जाते. ते गणित मांडायला कोणी बसत नाही, हे बरे.

तरी मोठी भट्टी कोळसा अधिक खाते हे खरेच. फक्त तो खाते सिरॅमिक. भट्टीच्या भिंती आधी तापाव्या लागतात आणि मगच त्या अन्नाला धग परत देऊ लागतात. १८ इंची भट्टी भाजण्याजोगी तापायला अर्धा तास पुरतो, पिझ्झासाठी तासभर लागतो. २४ इंचीला त्याहून वेळ द्यावा लागतो. दोन माणसांच्या दोन तुकड्यांसाठी शंभर किलो सिरॅमिक तापवायचे, आणि तुकडे खाऊन, भांडी घासून, दिवे मालवून झाल्यावरही अंगणात ते शंभर किलो तापलेलेच राहायचे, हा २४ इंचीचा नेहमीचा बुधवार. उलट बाजूने, चुकून आच वाढली तर ती पटकन उतरतही नाही. तापमान ११० ऐवजी १५० वर गेले, की झडपा बंद करून वाट पाहण्यापलीकडे काही करता येत नाही. सिरॅमिकवर पाणी ओतण्याचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडावा, भट्टी तडकते.

कोळसाही कोणताही चालत नाही. लाकडाचा थेट कोळसा करून मिळालेले ओबडधोबड तुकडे घेतात. साच्यातल्या गोळ्यांची राख फार होते, आणि ती तळाच्या भोकांत बसून हवा अडवते. छोट्या भट्टीत ही भोके थोडी आणि बारीक असतात, म्हणून ती लवकर गुदमरते. १३ इंची घेणाऱ्याला सळईने भोके मोकळी करण्याचा सराव आपोआप होतो. पेटवण्यासाठी रॉकेलसारखे द्रव ओतणे वर्ज्य आहे, कारण सिरॅमिक तो वास धरून ठेवते आणि मग पुढचे अनेक रविवार प्रत्येक पदार्थाला पेट्रोल पंपाची आठवण राहते.

तेरा इंची भट्टीच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो शरीरशास्त्राचा आहे. ती बुटकी असल्याने पाटाएवढ्या उंचीवर मांडली, की तिच्यापुढे उकिडवे बसून काम करावे लागते. चुलीसमोर बसायची सवय असलेल्या पिढीला हे आसन साधते. त्यांच्या मुलांना चाळिशीनंतर साधत नाही, आणि अमेरिकी शेजाऱ्याला तर यजमानाच्या पाठीत काही गेले असावे अशी शंका येते. टेबलावर ठेवली की प्रश्न सुटतो, पण टेबल लाकडी असेल तर भट्टीखाली फरशी ठेवावी लागते. भट्टी थेट लाकडावर ठेवू नये, हे सर्व कंपन्यांच्या पुस्तिकांत ठळक छापलेले असते. २४ इंचीची अडचण याच्या उलट आहे: मागच्या कडेचे कणीस फिरवण्यासाठी तापलेल्या जाळीवरून हात न्यावा लागतो. ठेंगण्या माणसाने इथे लांब दांड्याचा चिमटा घ्यावा किंवा मागची कडा नशिबावर सोडावी.

मोठी भट्टी घेण्याचे एक कारण मात्र खास आपले आहे आणि कोणत्याही माहितीपत्रकात ते नाही. न्यू जर्सी असो वा बे एरिया, मराठी मेजवानीत पाहुण्यांची विभागणी सामिष आणि निरामिष अशी सरळ होत नाही. अंडे चालणारे, अंडे फक्त केकमध्ये चालणारे, मासे चालणारे, गुरुवारी काहीच न चालणारे आणि आज चतुर्थी आहे हे दारात आल्यावर आठवणारे, असे गट पडतात. १८ इंची वर्तुळात ही लोकशाही मांडता येत नाही. पनीर आणि कोंबडी यांच्यामध्ये चार बोटांचे अंतर उरते आणि कोंबडीची चरबी उडण्याला सीमा नसते. काही कंपन्या अर्धचंद्राकृती जाळ्या देतात; एक अर्धी शाकाहारींची म्हणून कायमची राखून ठेवता येते, आणि अशी जाळी घरात आली की तिला वेगळा ब्रशही येतो. प्रिमोच्या लंबगोल भट्टीत निखाऱ्यांमध्ये आडवी भिंत घालून एका बाजूला जाळ आणि दुसऱ्या बाजूला मंद धग ठेवता येते. गोल भट्टीत हे तितके सहज जमत नाही, आणि अशा घरांसाठी लंबगोलाचा विचार इंचांच्या आधी करावा. तरी एक गोष्ट कोणत्याही आकाराने सुटत नाही. झाकण एकच असते, आणि त्याखालचा धूर पंक्तिभेद पाळत नाही. कडक नेम असलेल्या मावशींसाठी पनीर आधी भाजून घेणे आणि त्यानंतरच कोंबडीचे नाव काढणे, हा एकच मार्ग शिल्लक राहतो.

भरताच्या वांग्यासाठी मोठ्या जाळीची गरज नाही, जाळीचीच गरज नाही. जेवण उतरल्यावर जाळी काढून वांगी आणि दोन कांदे मावळत्या निखाऱ्यांवर ठेवले, की साल पूर्ण करपेपर्यंत भट्टीत पुरेशी धग असते. अमेरिकेतील थोराड जांभळी वांगी तेरा इंचीतही दोन मावतात. ज्यांनी भट्टी घेतली ती बार्बेक्यूसाठी आणि वापरली बहुतांशी भरतासाठी, अशा घरांची शिरगणती झालेली नाही. झाली तर कंपन्यांना जाहिरात बदलावी लागेल.

मातीच्या बंद पोटात अन्न भाजण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. रायगड जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत पोपटी लागते: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, हवी तर कोंबडी आणि अंडी भरून मडके उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. आग बाहेर आणि जेवण आत. कामाडोत दोन्ही आत. मडके केवढे घ्यावे, याची चर्चा पोपटीत होत नाही. घरात असते ते घेतात आणि माणसे जास्त झाली तर दुसरे आणतात. तंदुरातही हा प्रश्न फारसा येत नाही, कारण तिथे कोंबडी सळईवर उभी टांगतात आणि नान भिंतीला चिकटवतात. तंदूर उंची वापरतो, म्हणून तोंड लहान असून भागते. कामाडोत सगळे आडवे पसरते, म्हणून इंच मोजावे लागतात. हे ध्यानात आले की १८ इंची घेणाऱ्यासाठी एक स्वस्त तोड निघते: दुसरी जाळी वर मजल्यासारखी चढवायची. घुमटाखाली पुष्कळ उंची रिकामी असते. वरच्या मजल्यावर कोंबडीच्या तंगड्या, खाली बटाटे आणि रताळी, असे केले तर सहा इंच न वाढवता जागा वाढते. फक्त वरच्या मजल्याचा रस खालच्यावर टपकतो, तेव्हा चतुर्थीवाल्यांना खाली ठेवू नये.

माप ठरवताना भट्टी जाणार कुठे, हेही आधीच पाहिलेले चांगले, कारण ती एकदा बसली की हलत नाही. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांसाठी हा विभाग छोटा आहे. अमेरिकेत अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या अग्निसंहितेनुसार बहुकुटुंबी इमारतींच्या लाकडी बाल्कनीत, किंवा ज्वलनशील बांधकामापासून १० फुटांच्या आत, कोळशाची भट्टी पेटवता येत नाही. स्प्रिंकलर असलेल्या जागांसारखे काही अपवाद आहेत. १० फूट सोडल्यावर बाल्कनीत जे उरते त्यावर उभे राहता येत नाही, भट्टी तर दूरच. स्वतंत्र घर असेल तर डेकच्या फळ्यांचा विचार करायचा: चाकांच्या चौकटीवरची शंभर किलोची भट्टी दोन फळ्यांमधल्या फटीत अडली, तर ती उलटू शकते, आणि सिरॅमिक पडले की त्याचे पुन्हा काही करता येत नाही. दुकानदार घरपोच देतो; तो ‘घर’ म्हणजे बहुधा गॅरेजचे दार समजतो. तिथून अंगणापर्यंतचे तीस फूट हे मित्रांचे काम. आधी झाकण, मग जाळ्या, मग निखारे राहतात ती आतली पेटी आणि तिच्यावरचे कडे असे सुटे करून तळ शेवटी उचलतात. २४ इंचीसाठी चार मित्र लागतात. तेवढे मित्र नसतील तर १८ इंची घ्यावी, असे कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नाही, पण लिहायला हरकत नव्हती.

झाकण उघडण्याची रीतही मापाबरोबर महत्त्वाची होत जाते. भट्टी कडक तापलेली आणि हवेला आसुसलेली असताना झाकण एकदम उघडले, तर आत शिरलेल्या हवेने जाळ भडकून बाहेर येतो. म्हणून आधी झाकण दोन इंच उचलून क्षणभर थांबतात, पुन्हा टेकवतात, असे दोनदा करून मग पूर्ण उघडतात. २४ इंचीचे तोंड मोठे, म्हणून त्याची झळही मोठी. नव्या मालकांपैकी बऱ्याच जणांना हा नियम पहिल्या महिन्यात कळतो आणि त्याच सुमारास त्यांच्या भुवया विरळ झालेल्या दिसतात.

एवढे सगळे पाहिल्यावर चार माणसांच्या, अधूनमधून पाहुणे येणाऱ्या घराला १८ इंची पुरते. दोघेच असतील, अंगण लहान असेल किंवा भट्टी गाडीत घालून न्यायची असेल, तर १३ इंची. अख्खी ब्रिस्केट ज्यांचा नेमाचा पदार्थ आहे, किंवा एकाच जाळीवर दोन धर्म सांभाळायचे आहेत, त्यांनी २४ इंचीचा खर्च आणि वजन डोळसपणे उचलावे. तरीही खरेदीचे चक्र इथे थांबत नाही. १८ इंची घेतलेल्याला दोन-तीन वर्षांत १३ इंची घ्यावीशी वाटते, बुधवारसाठी. २४ इंची घेतलेल्यालाही तीच घ्यावीशी वाटते, त्याच बुधवारसाठी, फक्त लवकर. १३ इंची घेतलेल्याला १८ इंची हवी असते. कोणत्याही दारातून आत शिरले तरी बऱ्याच अंगणांत शेवटी एक मोठी आणि एक छोटी अशी जोडी उभी राहते, आणि घरातील दुसऱ्या निर्णयाधिकाऱ्याला हे आधी सांगितले असते तर पहिलीही आली नसती.

या चक्रामुळे जुन्या भट्ट्या बाजारात नेहमी मिळतात, विशेषतः घर बदलणाऱ्यांकडून, कारण शंभर किलो सिरॅमिक दुसऱ्या राज्यात न्यायचा खर्च कळल्यावर माणूस उदार होतो. सिरॅमिकच्या भागांवर बऱ्याच कंपन्या आजन्म हमी देतात, पण ती पहिल्या खरेदीदारापुरती असते. जुनी घेणाऱ्याला तिचा उपयोग नाही. म्हणून तपासणी स्वतः करावी. निखाऱ्यांच्या आतल्या पेटीला बारीक तडा असेल तर चालते, ती तशीही वर्षानुवर्षे काम देते आणि बदलता येते. घुमटाला किंवा तळाच्या बाहेरच्या अंगाला आरपार तडा असेल तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्यावी. झाकणाच्या कडेची फेल्टची पट्टी जळालेली असली तरी बिघडत नाही. ती स्वस्त आहे आणि तासाभरात नवी चिकटवता येते. जाळी गंजली असेल तर तीही नवी मिळते. तिचा व्यास मात्र स्वतः मोजपट्टी लावून घ्यावा, कारण विकणाऱ्याने ‘मोठी’ म्हणून सांगितलेली भट्टी १५ इंची निघालेली आहे.